खिरीचं पातेलं आणि गजराज पिकअप

नाव ओढणारी गाडी खीर सांडते आणि खीर सांभाळणारी गाडी नाव ओढत नाही, अशा पेचात आमचं खडकओहोळ संस्थान अडकलं होतं!

संस्थानात उन्हाळ्यात प्यायला पाणी नसे. पण उदाजीराजांना नौकाविहाराचा भारी नाद. दर रविवारी त्यांची लाकडी नाव चाकांवर चढवायची, पिकअपला जोडायची आणि घाट ओलांडून शेजारच्या राज्यातल्या धरणावर न्यायची. इतर दिवशी त्याच पिकअपनं राणीसाहेब देवीला खिरीचा नैवेद्य न्यायच्या. गाडी एकच हवी, असा महाराजांचा हट्ट. दोन गाड्या बाळगतो तो व्यापारी, एक बाळगतो तो राजा, असं ते म्हणत. का, ते कुणी विचारलं नाही.

जुनी पिकअप मोडीत निघाली, तेव्हा दिवाणजींनी पारखायला नव्या दोन मागवल्या. पहिली ‘राजहंस’. चालायला अशी मऊ, की राणीसाहेबांना देवळापर्यंत डुलकी लागली. पण मागं नाव जोडली आणि राजहंसनं बसकण मारली! मागचा भाग जमिनीला, तोंड आभाळाला. ड्रायव्हर केरबानं चाक डावीकडं फिरवलं, तरी गाडी सरळ जाऊन गवताच्या गंजीत घुसली.

दुसरी ‘गजराज’. तिनं नाव घाटावर अशी चढवली, जणू मागं पतंगाचा दोरा बांधलाय. पण सोमवारी रिकामी गजराज देवळाच्या रस्त्याला लागली मात्र, टोळासारखी उड्या मारू लागली! देवीसमोर पातेलं उघडलं तर आत नुसते वेलदोडे. खीर सगळी राणीसाहेबांच्या शालूवर.

“उद्या खीर सांडली, तर मी परवा माहेरी!” राणीसाहेब कडाडल्या.

महाराज घाबरले, आणि घाबरलेला राजा करतो तेच त्यांनी केलं. ड्रायव्हरला धरलं.

“केरबा! उद्या गजराजच न्यायची. खिरीचा एक थेंब सांडला, तर नोकरी गेली आणि मुदपाकखान्यामागची खोलीही रिकामी करायची!”

दिवाणजींना मिशीत हसू फुटलं. केरबाच्या जागी त्यांना आपला भाचा चिकटवायचा होता.

“महाराज, लबाडी नको,” ते म्हणाले. “पातेलं काठोकाठ भरलेलं. झाकण नाही, मांडीवर घेणं नाही. टायरची हवा कमी करायची नाही, स्प्रिंगला हात लावायचा नाही. आणि गाडी बैलगाडीसारखी रांगायची नाही!”

“आन् मागं हौद्यात दोन-चार पोती टाकली तर?” केरबानं चाचरत विचारलं.

“राजगाडीत पोती?” महाराज गरजले. “आम्ही काय भुसार विकतो? त्या हौद्यात बसतील तर दरबाराची मानाची माणसं! दुसरं काही नाही!”

केरबा घरी आला तो भिंतीवरच्या तसबिरी काढायला लागला.

“हे काय चाललंय?” बायकोनं विचारलं. तीच राजवाड्याची स्वयंपाकीण, ठकूबाई.

“खोली सोडायचीय, ठकू.” त्यानं सगळ्या अटी सांगितल्या.

ठकूबाईनं पुन्हा विचारलं, “हौद्यात कोण बसंल म्हणाले म्हाराज?”

“मानाची माणसं.”

“मग तसबिरी टांगा पुन्हा. आन् मला लवकर निजू द्या, उद्या काठोकाठ खीर करायचीय!”

सकाळी ती पातेलं घेऊन बाहेर आली, तेव्हा दरबार गंमत बघायला जमलाच होता. ठकूबाईनं पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाली, “म्हाराज, गरिबाची एक शंका हाय. गजराजच्या हौद्यात मानाची माणसं बसणार. मग जो खाली उभा राहील, त्याला मान न्हाई असं समजायचं का?”

“अर्थात!” महाराज म्हणाले.

झालं! राजज्योतिषांनी मुहूर्त न बघताच हौद्यात उडी घेतली. राजवैद्यांनी त्यांचा पाय ओढला. लढाई कधी न पाहिलेल्या सेनापतींनी तिथं पहिली चढाई केली. सर्वांत शेवटी, पण सर्वांत जोरात, दिवाणजी चढले. ते बरोबर मागच्या चाकांवर बसले, तेव्हा गजराजच्या तोंडून सुस्कारा निघाल्यासारखं वाटलं.

पुढं महाराज, मागच्या आसनावर राणीसाहेब आणि ठकूबाई, पायांशी पातेलं. केरबानं देवीचं नाव घेतलं आणि गाडी सोडली.

पहिला खड्डा आला. महाराजांनी डोळे मिटले. गजराज हलकेच झुलली आणि पुढं गेली! दुसरा खड्डा. खिरीवर नुसती सुरकुती! तिसऱ्याला राणीसाहेबांना डुलकी लागली. मागं हौद्यात मात्र मान्यवरांच्या तोंडात संस्थानचा निम्मा रस्ता गेला होता.

देवळात पातेलं टेकलं, तेव्हा खीर काठोकाठ होती.

“ठकूबाई!” महाराज ओरडले. “गाडीला केलंस तरी काय?”

“गाडी गुणाचीच हाय, म्हाराज. ताकद लई, पन रिकामी असली की उधळती. ओझं पडलं की शहान्यावानी चालती. पोती घालू नका, असा तुमचा हुकूम. मग ओझं आनायचं कुठनं? दरबारातनं आनलं!”

“आम्ही ओझं?” धुळीनं पांढरे झालेले दिवाणजी किंचाळले.

“रागावू नका, दिवानजी. नुसतं बसून राज्याच्या उपेगी पडायचं, ते दुसऱ्या कुनाला जमलं असतं का?”

महाराज असे हसले, की देवळाची घंटा न वाजवता वाजली! डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडले: केरबाची नोकरी आणि खोली कायम. राजहंस ठकूबाईला बक्षीस, बाजारहाट करायला. तिची किंमत दिवाणजी भरतील. आणि दरबार यापुढं रोज हौद्यातच भरेल!

“पण रविवारी काय?” महाराजांना आठवलं. “नाव जोडल्यावरही यांना बसवायचं?”

“छे! नावंचं ओझं असतंयच की मागं,” ठकूबाई म्हणाली. “त्या दिवशी दरबाराला सुट्टी द्या!”

आणि खडकओहोळच्या इतिहासात प्रथमच, कुणी इशारा न करता, सगळा दरबार एका सुरात ओरडला, “महाराजांच्या नौकाविहाराचा विजय असो!”