पालीची साक्ष

त्या राज्यात प्रजेला रोज संध्याकाळी हसावं लागे. दिवसभर कोण कोणाविषयी काय बोललं, ते कोल्हा आडून ऐकून गोळा करी आणि दिवेलागणीला त्याचं नाटक होई. नकला मैना करी. ज्याची नक्कल होई त्याने सगळ्यांत मोठ्याने हसायचं, असा दंडक होता. जो हसत नसे तो दुसऱ्या दिवशी कुठे दिसत नसे, आणि त्याची चौकशीही कोणी करत नसे.

खरंखोटं ठरवायला मंचामागच्या भिंतीवर पाल बसवलेली होती. खरं बोलणं कानी पडलं की पाल चुकचुकते, हे सारं राज्य जाणून होतं. तिला त्यासाठी काही करावं लागत नसे. गळा आपोआप वाजे. बसल्या जागी दिव्यावरचे किडे मिळत, म्हणून तिचीही तक्रार नव्हती.

दिवसा ती कोठारात राही. एका दुपारी तिची जिवाभावाची सखी चिचुंद्री तिथे धापा टाकत आली.

"अगं, कोणाला सांगू नकोस हं! काल महाराजांनी प्रधान समजून खांबाच्याच पाठीवर थाप मारली. वाघोबांचे डोळे गेले गं बाई!"

पालीचा गळा लगेच चुकचुकला, तशी ती दचकली. "हळू बोल. भिंतीला कान असतात."

"भिंतीवर तर तूच आहेस की!" चिचुंद्री खिदळली, आणि आणखी दोघींना 'कोणाला सांगू नका' म्हणून सांगायला पळाली.

संध्याकाळी मैना चिचुंद्रीसारखं नाक उडवत मंचावर आली, तेव्हाच पाल काय ते समजली. भिंतीखाली, मंचावरच्या आसनावर वाघोबा बसले होते.

"'वाघोबांचे डोळे गेले गं बाई!' असं चिचुंद्री म्हणाली," मैनेने ठसक्यात सांगितलं.

कोणी हसेना. कोल्ह्याने हळूच मान वर केली. "काय पालबाई? तुमच्याच कोठारातली गोष्ट. म्हणाली ना ही असं?"

तिसऱ्या रांगेत चिचुंद्री हसायला बघत होती, पण नुसते दातच दिसत होते. आपण वाजलो की हिचा जीव गेला, हे पालीला ठाऊक होतं. चुकचुक गळ्याशी आली, तिने ती गिळली. पुन्हा आली, पुन्हा गिळली. इतकी भीती तिला आयुष्यात वाटली नव्हती. अंग आवळून आवळून शेवटी तिची शेपटी तुटली.

शेपटी पडली नेमकी वाघोबांच्या पुढ्यात, दिव्याच्या लख्ख उजेडात, आणि टणाटण उड्या मारू लागली. प्रजेला तेवढं निमित्त पुरलं. सगळे पोट धरधरून हसले. कोल्हा आपला प्रश्न विसरला, चिचुंद्री रडत रडत हसली. जिवावरचं शेपटावर निभावलं, असं पालीला वाटलं.

वाघोबांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. शेपटी त्यांच्या नाकासमोर नाचत होती.

"हसताय कशाला?" ते गुरगुरले. "मला तर इथे काहीच दिसत नाही."

हसणं जागच्या जागी थांबलं. पालीने गळा आवळायला घेतला, पण आता तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

भिंतीवरून आवाज आला : चुक्, चुक्, चुक्.