लतीफशाचं छप्पर

“त्यांच्या फौजेनं आमची गावं जाळली, तेव्हा त्यांना कुणी जाब विचारला नाही. मलाच का विचारता, बाबा?”

“मी तुला काय विचारलं, सुभान्या?”

सुभानजी चपापला. खरंच, फकिराने अजून काहीच विचारलं नव्हतं.

लतीफशा झोपडीच्या दारात दगडावर बसून कांदा-भाकरी खात होता. याच दगडापाशी सुभानजी पोरवयात येऊन बसायचा. बाप मेल्यावर महिनोन्‌महिने त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. लतीफशाने त्याला पुन्हा बोलतं केलं होतं. तेव्हा मुलूख एकच होता. पुढे थोरले राजे वारले, दोघे चुलतभाऊ गादीवरून भांडले आणि नदीच्या अलीकडचं राज्य एकाचं झालं, पलीकडचं दुसऱ्याचं. सुभानजी अलीकडच्यांचा सरदार झाला.

लतीफशाची झोपडी पलीकडे.

हुकूम सरळ होता. शत्रूच्या काठाने वर सरकत जायचं. धान्य न्यायचं, नेता येणार नाही ते जाळायचं. एक छप्पर उभं ठेवायचं नाही. मागून येणाऱ्या शत्रूच्या फौजेला दाणा मिळता कामा नये, की आसरा.

पहिल्या गावाला सुभानजीच्या अंगात राग होता. त्याची स्वतःची बाग त्यांनी तोडली होती, बैल नेले होते. दुसऱ्या गावालाही तो राग पुरला. मग कुठेतरी तो संपला, आणि आग लावणं तेवढं चालू राहिलं.

“काल एका म्हातारीनं मला ओळखलं,” तो एकदम म्हणाला. “माझ्या मावशीची खुशाली विचारली. मी पोरांना सांगितलं, हिचं घर सोडा. सोडलं त्यांनी. पण वारा फिरला...”

“मग?”

“मग काय. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

लतीफशाने भाकरीचा तुकडा मोडला.

“बाबा, मी चुकतोय का?”

लतीफशाने कांद्याची फोड तोंडात टाकली.

“नाही जाळलं तर त्यांची फौज याच दाण्यावर पोसणार आणि आमच्यावर येणार. तिकडंही बायका-पोरं आहेत. आहेत का नाहीत?”

“आहेत.”

“मग जाळू?”

लतीफशा चावत राहिला. सुभानजीला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येऊ लागलंय की काय... पण त्याचे डोळे तर थेट सुभानजीवर होते.

मागे गावाच्या तोंडाशी शिपाई खोळंबले होते. जमादार कोयाजी हातात पेटता पलिता धरून उभा होता. गावातले धडधाकट लोक ओढ्यात दडले होते. ज्यांना चालवत नव्हतं ते घराआडून बघत होते.

“ते राहू द्या,” सुभानजी म्हणाला. “मी वेगळ्या कामाला आलोय. तुमच्या झोपडीला धक्का लागणार नाही. माझी खास माणसं उभी करतो. वारा कसाही फिरला तरी ती विझवतील.”

“आणि गाव?”

“गावाचा हुकूम आहे.”

“बरं,” लतीफशा म्हणाला.

त्याने हात धुतले, तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठला. चालत कोयाजीपाशी गेला आणि हात पुढे केला. कोयाजीने गोंधळून सरदाराकडे पाहिलं. फकिराला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने पलिता दिला.

लतीफशा परत आला आणि पलिता आपल्याच छपरात खोचला.

वाळलेलं गवत ते. भडकायला कितीसा वेळ!

क्षणभर सुभानजीला काही कळेचना. मग तो ओरडला, “पाणी! अरे, बघता काय, पाणी आणा!”

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. इतके दिवस हा शब्द त्यांनी सरदाराच्या तोंडून ऐकला नव्हता. मग जे धावले ते धावलेच. जी घरं पेटवायची होती त्याच घरांत शिरून त्यांनी घागरी काढल्या, कळशा काढल्या. आडावर रहाट करकरू लागला. घराआडून एक म्हातारा बाहेर आला आणि न बोलता एका शिपायाच्या हातात पोहरा देऊन गेला. ओढ्यातून दोन बाया वर आल्या. कोण कुणाच्या बाजूचं, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

कोयाजी छपरावर चढून जळतं गवत खाली ढकलत होता. सुभानजीने डोईचं पागोटं सोडलं, पाण्यात बुचकळलं आणि ज्वाळांवर हाणत सुटला. हात भाजला, भुवया होरपळल्या, तरी तो थांबला नाही.

अर्धं छप्पर गेलं. अर्धं वाचलं.

धूर विरला. सुभानजी धापा टाकत लतीफशासमोर आला.

“मी वाचवायला आलो होतो, बाबा! तुम्हीच कसं...”

त्याने वळून पाहिलं. शिपाई भरल्या घागरी घेऊन उभे होते, त्यांच्यात गावच्या बायाही उभ्या होत्या. खाली मातीत पलिता पडला होता. अजून धुमसत होता.

“सरदार,” कोयाजीने हळूच विचारलं, “आता काय हुकूम?”

सुभानजीच्याही हातात कुणीतरी घागर दिली होती. ती खाली ठेवावी की नाही, हे त्याला कळेना. तो लतीफशाकडे वळला, पोरवयात वळायचा तसा.

“बाबा... काय सांगू यांना?”

लतीफशाने अंगावरची राख झटकली आणि गावाच्या वाटेला लागला.

“इथलं झालं,” तो म्हणाला. “चल, घागर घेऊन ये. आता पुढचं घर.”