भर खाडीतलं उद्घाटन

खाडीवर पूल झाला, पण ठेकेदाराने फीत बांधली पलीकडे, बेटाकडच्या टोकाला. फीत कापण्याआधी पुलावर पाऊल टाकणं अशुभ, म्हणून मंत्रीसाहेब हौसाबाई पागीच्या होडीत बसले.

भर खाडीत साहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "बाई, आजपासून होडी बंद. हुकूम काढलाय मी."

हौसाबाईने गुपचूप वल्हं वर घेतलं. होडी ओहोटीबरोबर समुद्राकडे सरकू लागली.

"अगं, थांबलीस का?"

"तुमचा हुकूम मोडू कशी, साहेब?"

साहेबांना घाम फुटला. "बरं, चालू ठेव तुझी होडी."

"मला नको, काठावरच्या माणसांना सांगा. जरा मोठ्यानं."

साहेब बेंबीच्या देठापासून ओरडले. काठावर बँड वाजला. पुलाआधी होडीचंच उद्घाटन झालं.