तीस वर्षांचा चुना

“मेस्त्री, तेवढा सफेदा ओल्या भिंतीला लावू नका हो. शिसं आहे त्यात. आज चांदण्यासारखं दिसेल, पण भिंतीला ते मानवणार नाही.”

हा आवाज वान्नी चित्रकाराने तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. परांचीखाली उभी राहून एक बाई हळू आवाजात बोलली होती, आणि वर बसलेला वान्नी खो खो हसला होता. आज म्हातारपणी, काठी टेकत मोंतेकालोची चढण चढताना, तोच आवाज पावलागणिक त्याच्या कानात येत होता.

मोंतेकालो हे इटली देशातलं डोंगरमाथ्यावरचं लहानसं गाव. तिथल्या मारियामातेच्या चर्चमध्ये त्या काळी फ्रा ओर्सो नावाचे सत्पुरुष राहत. गाव त्यांना ओर्सोबाबा म्हणे. अंगात जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, हातात सदा केरसुणी. चर्चचे खांब जुन्या पडक्या वास्तूंतून आणलेले. एक जाड तर एक बारीक, कुणाच्या माथ्यावर कोरलेली द्राक्षं तर कुणाच्या माथ्यावर शिंगांचे मेंढे. कुणी नावं ठेवली की बाबा म्हणत, “लेकरं कधी सारखी असतात का रे? पण कमान बघा कशी मिळून पेलतात!” वेदीमागची भिंत अर्धगोल वळलेली, आणि समोर दारावर एक गोल खिडकी. संध्याकाळचं ऊन त्या खिडकीतून आत शिरे आणि हळूहळू जाऊन वेदीमागच्या भिंतीला टेके.

त्या भिंतीवर वान्नीने तरुणपणी चित्र काढलं होतं. मधोमध बाळ घेतलेली मारियामाता, भोवती एकवीस देवदूत. भित्तिचित्राचं काम मोठं अवघड. सकाळी लावलेला गिलावा ओला आहे तोवरच रंग भरायचा. भिंत सुकली की रंग तिचाच होऊन जातो. गावचा चुना विझवायचं काम जेन्तिला नावाची एक विधवा करायची. तिने जुन्या चुन्याच्या वड्या उन्हात वाळवून, घोटून आणून दिल्या होत्या. “चेहऱ्यांना हा पांढरा घ्या, मेस्त्री. भिंत चुन्याची, पांढराही चुन्याचा. भांडायचे नाहीत.”

“तू भिंत लिंप, बाई,” वान्नी म्हणाला, “नाहीतर उद्या माझ्या हातातून कुंचलाही घेशील!” खालचे गवंडी हसले. जेन्तिला मान खाली घालून गेली.

वान्नीने शहरातून आणलेला शिशाचा सफेदाच वापरला. फक्त एके दिवशी सफेदा संपला, आणि गिलावा तर सुकत चाललेला. तेव्हा त्याने गुपचूप जेन्तिलाची एक वडी उचलली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पाणी वाहणारी एक बाई होती, तिचा चेहरा तेवढा त्या वडीने रंगवला. कुणालाही सांगितलं नाही.

चार-पाच वर्षांत देवदूतांचे चेहरे काळवंडू लागले. मग डोळे दिसेनात, ओठ दिसेनात. मातेच्या मांडीवरचं बाळ नुसता एक डाग होऊन राहिलं. गावाने वान्नीला बोलावलं. खरं काय ते त्याला पहिल्या नजरेत कळलं. पण तोवर त्याचं नाव शहराशहरांत झालं होतं. तो म्हणाला, “माझ्या रंगात खोट नाही. चुना कच्चा होता.”

बस्, एवढं एक वाक्य!

जेन्तिलाचं काम गेलं. तिने चर्चच्या भिंतीला हात लावायचा नाही, असं पंचांनी ठरवलं. विहिरीवर बायका म्हणायच्या, “आली बघा, देवदूतांची तोंडं जाळणारी.” ती एवढंच म्हणे, “चुना कच्चा नव्हता गं.” आणि घरी जाऊन आपल्या चुन्याच्या खड्ड्यावर पाणी शिंपायची. चुना ओला राहून मुरेल तेवढा पक्का होतो; एक दिवसही सुकू दिला नाही तिने तो. शिंपताना गुणगुणायची,

नीज रे चुन्या बाळा, पाण्याच्या कुशीत
उद्या जायचं तुला माऊलीच्या भिंतीत

तो उद्या पंचवीस वर्षं उजाडला नाही.

आता मातेचा सण दोन दिवसांवर आला होता, आणि गावाने त्या भिंतीला सफेदी देऊन टाकायचं ठरवलं होतं. शेवटचं बघून घ्या, असा निरोप गेला म्हणून वान्नी आला होता.

ओर्सोबाबा म्हणाले, “चुना जेन्तिलाचा आणा. आणि हातही तिचेच लागू द्या.”

“बाबा, पुन्हा तिचा?” पंच चपापले.

वान्नी सगळ्यांदेखत हसला. “देवदूत घालवले तिने, बाबा. आता भिंतही घालवायची का?”

“मेस्त्री,” बाबा शांतपणे म्हणाले, “आधी तिच्या खड्ड्यात बोट तर बुडवून बघा.”

जेन्तिलाच्या घरामागच्या खड्ड्याशी जाऊन वान्नीने बोट बुडवलं. लोण्यासारखा चुना! असा मुरलेला चुना राजवाड्यांच्या कामावरही त्याला कधी मिळाला नव्हता. त्याने बोट पुसलं आणि काठी टेकत चर्चकडे परतला.

जेन्तिला आली. सत्तरीची, हातांना भेगा. कुंचा बुडवण्याआधी तिने भिंतीवर नुसता तळवा ठेवला, आणि कितीतरी वेळ काढला नाही. मग सफेदी सुरू झाली. एकेक देवदूत दिसेनासा झाला. वान्नीने डोळे मिटले; त्याचं तारुण्य त्या भिंतीत पुरलं जात होतं. पण खालच्या कोपऱ्यात कुंचा आला आणि पाणी वाहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून चुना ओघळून खाली आला. जेन्तिलाने पुन्हा लावला. पुन्हा ओघळला. तिसऱ्यांदाही तेच.

“बघा! कच्चा तो कच्चाच!” लोक ओरडले.

जेन्तिलाच्या हातून कुंचा गळला. “बाबा, माझं काय चुकलं हो?”

ओर्सोबाबांनी वेदीपुढे गुडघे टेकले. “माऊली, लेकीची लाज राख!”

आणि काय सांगावं! गोल खिडकीतलं ऊन त्या कोपऱ्यात कधीच पोचत नसे. त्या संध्याकाळी ते वळलं आणि नेमकं त्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. चेहरा कसा, तर आत्ताच पाण्याने धुतलेला. डोळ्यांची कड, ओठांची मुरड, सारं जिथल्या तिथे.

बाबांनी मागे वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता. “मेस्त्री, सगळे चेहरे विझले. हा एकच का नाही विझला? तुम्हीच काढलाय. तुम्हाला ठाऊक असेल.”

वान्नीची काठी खाली पडली. तो बाबांच्या पायांवर कोसळला. बाबा झटकन बाजूला सरले. “इथे नको, मेस्त्री.”

समोर चुन्याने बरबटलेली दोन अनवाणी पावलं होती. वान्नीने त्यांवर माथा टेकला. जेन्तिला दचकून मागे सरू लागली. “अहो, उठा, चुना लागेल तुम्हाला.”

“लागू दे, जेन्तिला,” तो म्हणाला. “हा चेहरा तुझ्या वडीचा आहे. बाकीचे माझ्या सफेद्याचे. तू सांगितलं होतंस. तुझा चुना कच्चा नव्हता, आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं.”