लाल केळी आणि उसवलेलं शीड

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मोजणारे सगळे गेले. लहान असाल तर पुढे सरकून बसा, मोठे असाल तर मागे बसा, पण मध्ये बोलू नका. मध्ये बोललेलं मला खपत नाही.

तर एका बंदरगावात हरबा नावाचा नाखवा राहत होता. आयुष्यभर दुसऱ्यांची मोठाली गलबतं हाकली आणि उतारवयात त्यानं स्वतःसाठी एक लहानसं गलबत बांधलं. माल वाहायला नाही, मासे धरायला नाही, नुसतं आपल्या मनाला येईल तिकडे जायला. शीड त्यानं स्वतःच्या हातानं शिवलं होतं. येईल त्याला तो ते दाखवायचा आणि म्हणायचा, "सात वर्षं झाली. एक टाका उसवला असेल तर मिशी काढून देईन!"

हरब्याची बायको वेणू हे हजारदा ऐकून चुकली होती. ती म्हणायची, "मिशीला कोण विचारतंय?"

त्यांची एकुलती एक लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला डोहाळे लागले ते लाल केळ्यांचे. लहानपणी एका खलाशानं दूरच्या बेटावरून आणलेलं लाल केळं तिनं एकदाच खाल्लं होतं. आता तिला दुसरं काही गोड लागेना. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची.

"बाबा, ते केळं मिळेल का हो?" तिनं एकदाच विचारलं. पण बापाला एकदाच पुरतं.

सुईण म्हणाली, "पंधरा-वीस दिवस आहेत अजून. डोहाळे राहिले तर पोरीच्या जिवाला रुखरुख लागते. जाणार असाल तर जा, पण लवकर या."

हरब्यानं बोटांवर हिशेब केला. तीन दिवस जायला, तीन यायला, एक दिवस बेटावर. मैनेला शेजारणीच्या आणि सुईणीच्या स्वाधीन करून नवरा-बायको निघाले. गलबत दोघांनाच पुरेसं होतं.

बेट दिसलं तेव्हा वेणूच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. मूठभर बेट ते! भोवती काळ्या खडकांचं कडं, आत हिरवंगार शांत पाणी, काठाला माड आणि माडांच्या मागे केळीच केळी. चाळीस-पन्नास घरं असतील. गलबत किनाऱ्याला लागायच्या आत सगळं बेट गुडघाभर पाण्यात येऊन उभं राहिलं. कोणी वेणूचा हात धरला, कोणी शहाळं फोडलं, एका बाईनं तर तिच्या पायांवर गोडं पाणी घातलं. वेणूचे डोळे भरून आले. इतका जिव्हाळा तिला तिच्या सख्ख्या नणंदांनी दाखवला नव्हता.

आणि मग एक नवल झालं. बेटावरची सगळ्यांत थोरली बाई, तिला सगळे जाईआजी म्हणत, ती गलबतापाशी आली. तिनं शिडावरून हात फिरवला. काही बोलली नाही. चार बायकांना खूण केली. त्यांनी भराभर शीड उतरवलं, गुंडाळलं आणि गाणं म्हणत डोक्यावरून घेऊन गेल्या.

हरबा बघतच राहिला.

आता यातली गोम तुम्हाला सांगतो. हरब्याला कोणी सांगितली नाही, पण तुम्ही माझे आहात. त्या शिडाची मधली शिवण खाऱ्या वाऱ्यानं कुजली होती. हरब्याचे डोळे म्हातारे झालेले, त्याला ते दिसत नव्हतं. जाईआजीच्या बोटांना पहिल्या स्पर्शात कळलं. पण त्या बेटाची एक रीत होती. पाहुण्याच्या होडीत खोट दिसली तर तोंडानं बोलायचं नाही. मुकाट्यानं न्यायचं, दुरुस्त करायचं, मुकाट्यानं आणून लावायचं. नाखव्याला त्याच्या शिडाची खोट सांगणं म्हणजे आईला तिच्या लेकराची खोट सांगण्यासारखं, असं त्यांना वाटायचं. चांगली माणसं होती हो! पण चांगुलपणा कधीकधी फार घुमा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईआजीनं लाल केळ्यांचा निबर घड कापून दिला. "वाटेत पिकेल," ती म्हणाली. "पण आज राहा. उद्या जा."

हरब्यानं मान डोलावली. लेकीचं त्यानं अवाक्षर काढलं नाही. परक्या ठिकाणी पोटुशीचा विषय काढला तर दृष्ट लागते, ही त्याची समजूत. केळी कशाला हवीत असं विचारल्यावर तो म्हणाला, "आवडतात."

गलबतापाशी येऊन बघतो तर डोलकाठी उघडीच. शीड नाही.

"अहो, विचारा ना सरळ, शीड कुठंय म्हणून," वेणू म्हणाली.

"मी विचारू? माझं शीड मी मागू? मी नाखवा आहे, भिकारी नव्हे!"

"मग मी विचारते."

"खबरदार! नाखव्याची बायको दारोदार शीड मागत फिरली म्हणतील. अगं, आज राहा, आज राहा म्हणतात ते कशासाठी? शीड चांगलं आहे, डोळ्यांत भरलं त्यांच्या. आपल्याला बोलण्यात गुंतवायचं, जेवायला घालायचं आणि शीड घशात घालायचं."

"इतकं जीव लावणारी माणसं चोरी करतील?"

"जीव लावणारेच करतात," हरबा म्हणाला. कुठून आणलं हे शहाणपण, देव जाणे.

दुपारी जेवणं झाली. माशाचं कालवण, तांदळाची भाकरी, वर ओल्या नारळाची वडी. सगळं बेट लवंडलं. हरबा मात्र उठला आणि घराघरांच्या पडव्यांत डोकावत निघाला. जाईआजीच्या पडवीत शीड दिसलं, गुंडाळून ठेवलेलं. आजी मागच्या दारी दोऱ्याला मेण लावत बसली होती. गुंडाळी उघडून पाहिली असती तर सगळं कळलं असतं. पण संशयानं आंधळा झालेला माणूस काय उघडून बघणार? आपलंच शीड त्यानं चोरासारखं खांद्यावर टाकलं आणि धूम ठोकली.

माडाखाली लवंडलेल्या वेणूला उठवलं. ती म्हणाली, "अहो, निरोपसुद्धा घेतला नाही!"

"मैना वाट बघतेय," तो म्हणाला. लेकीचं नाव ऐकून ती गलबतात चढली.

कुजलेला दोरा आजीनं काढून टाकला होता आणि दोन पट्टे तात्पुरते धावदोऱ्यानं टाचून ठेवले होते. पक्की शिवण ती त्या दुपारीच घालणार होती. घाईत शीड चढवताना हरब्याला टाके दिसले, पण कसले टाके ते दिसलं नाही.

खडकांच्या कड्यातली वाट ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. बाहेर पडताच वारा भरला आणि टर्रकन आवाज झाला. शीड वरपासून खालपर्यंत दुभंगलं. गलबत आडवं झालं, लाटेनं उचललं आणि खडकावर आपटलं. बुडाची फळी फुटली. केळ्यांचा घड पाण्यात पडला आणि लाटांबरोबर निघून गेला. वेणू ओरडली, "केळी! अहो, केळी!" स्वतः बुडतेय याचं तिला भान नव्हतं.

तिची हाक ऐकून बेट जागं झालं. दहा होड्या आल्या. दोघांना ओढून काढलं, गलबतही कसंबसं किनाऱ्याला आणलं. जाईआजी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"अरे मेल्या, धावदोऱ्यावर समुद्रात जातं का कोणी!"

"धावदोरा?" हरबा म्हणाला. मग त्यानं शिडाची फाटकी कड हातात घेतली. उजेडात धरली. बोटं फिरवली. त्याचा चेहरा पडला.

"मला वाटलं तुम्ही चोरलंत," तो म्हणाला.

जाईआजीला फार लागलं ते. "दोन दिवस आमच्या पंक्तीला जेवलास. एकदा विचारलं का नाहीस रे बाबा?"

"तुम्ही तरी सांगितलं का नाहीत?"

तेव्हा ओलीचिंब वेणू मध्ये पडली. "शाबास! एकाचा मान, दुसऱ्याची रीत. दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, आणि तिकडे माझी पोर नववा महिना लागून केळ्यासाठी झुरतेय!" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

बायकांमध्ये एकच गलका झाला. "पोटुशी लेक आहे? तिचे डोहाळे आहेत?" जाईआजीनं कपाळावर हात मारला. "अगं, हे आल्याआल्या सांगितलं असतंस तर चौघी बसून एका बैठकीत शिवून दिलं असतं. त्याच दिवशी निघाला असतात!"

शीड दुसऱ्याच दिवशी तयार झालं. पण फुटलेली फळी बदलायला, सांधे भरायला आणि डांबर वाळायला नऊ दिवस गेले. हरबा रोज उन्हात डांबरावर बोट लावून बघायचा. नवव्या दिवशी प्रत्येक घरानं एक एक फणी केळी आणून दिली. सगळं बेट पाण्यात उतरलं आणि जाईआजीनं वेणूला उराशी धरलं. "लेकीला सांग, तिची एक आजी इकडे आहे," ती म्हणाली.

हरबा घरी पोचला. फणी खांद्यावर घेऊन अंगणात शिरतो तर आतून टॅहँ टॅहँ आवाज आला. नात चार दिवसांची झाली होती.

तो तसाच खोलीच्या दारापर्यंत गेला. लाल केळी आता पिकली होती आणि त्यांचा वास घरभर पसरला. मैनेनं मान उचलली, डोळे लकाकले, हात पुढे आला.

सुईण आडवी आली. "बाळंतिणीला केळं? भलतंच! थंड पडेल, बाळाला बाधेल. सव्वा महिना नाव काढायचं नाही."

केळी काय सव्वा महिना थांबतात?

मैनेनं एक केळं नुसतं हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून बसली. मग बापाच्या हातात परत दिलं. साठ वर्षांचा नाखवा उंबऱ्यावर बसून सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

"बाबा, रडू नका हो," मैना म्हणाली. "नातीकडे बघा तरी. अजून बघितलं नाहीत तुम्ही तिला."

त्यानंतर हरबा बदलला. मनात काही आलं की तो आधी तोंडानं विचारायचा, इतकं की वेणू कंटाळायची. आणि त्या बेटावरही रीत बदलली. पाहुण्याचं शीड उतरवताना आता सगळं बेट ओरडून सांगतं, "शिवायला नेतोय हो! उद्या सकाळी मिळेल!" पाहुण्याचा मान थोडा दुखावतो. पण पाहुणा वेळेवर घरी पोचतो.

तात्पर्य: शंका आली तर विचारावं आणि भलं करायचं तर सांगून करावं, दोन चांगल्या माणसांतलं मौनही गलबत बुडवतं.