कळलावीचा लेप

कधीकाळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्य राहत. लोक त्यांना बुवा म्हणत. त्यांच्याकडे दोन शिष्य होते. थोरला म्हाळू, धाकटा हैबती. बुवांचे हात आता कापू लागले होते. औषधे घोटायचा आपला खल ते लवकरच दोघांपैकी एकाच्या हाती देणार, हे दोघांनाही ठाऊक होते. ज्याला खल मिळेल त्याच्याकडे रोगी येणार. दुसऱ्याने दुसरे गाव शोधायचे.

म्हाळू लहानपणापासून तिथे होता. विद्येत पक्का. हैबती मागाहून आला. तो चुकायचा, विसरायचा, पण चटकन मान्य करायचा.

त्या घरात एक रीत होती. रानातून नवे काही आले आणि शिजले, की पहिला घास सर्वांत धाकट्याचा. हैबती येईपर्यंत तो म्हाळूचा असे. हैबती आला त्या दिवशी बुवांनी घास उचलला, म्हाळूने सवयीने हात पुढे केला आणि बुवांचा हात त्याच्यासमोरून पलीकडे गेला. घास टाकळ्याच्या साध्या भाजीचा होता. कोणी लक्षातही ठेवणार नाही अशी गोष्ट. म्हाळूने ठेवली.

तेव्हापासून त्याचे मन झाडांतून उठले आणि हैबतीवर बसले. हैबतीने काढा उकळला की म्हाळू काढ्याकडे न पाहता बुवांच्या चेहऱ्याकडे पाही. बुवा "बरा झालाय" म्हणाले, तर त्याला ते "उत्तम" असे ऐकू येई. त्याला स्वतःला "उत्तम" म्हटले, तर वाटे, मन राखायला म्हणाले. मत्सराला कारण लागत नाही. कान असले की पुरे.

आषाढातल्या एका सकाळी तिघे रानात निघाले. वाट निसरडी होती. हैबतीचा पाय सरकला आणि तो चिखलात बसला.

म्हाळू म्हणाला, "वनस्पती ओळखायला निघालाय, आणि पायाखालचं शेवाळ ओळखता येत नाही."

"ओळखलं ना दादा," हैबती चिखल झटकत म्हणाला. "नीट बसून ओळखलं."

बुवा हसले. म्हाळू पुढे चालू लागला. त्याला ते हसणे बराच वेळ ऐकू येत राहिले.

उतारावर एका खडकाच्या आडोशाला एक कोवळे रोप उभे होते. सरळ हिरवा दांडा, लांबट तुळतुळीत पाने, फूल नाही. बुवा थांबले. रानात ते "हे काय" असे कधी विचारत नसत. झाडालाही माणसासारखे विचारावे, असे ते मानत.

"ही कोण?" त्यांनी विचारले.

म्हाळू खाली वाकला. त्याला कळायला वेळ लागला नाही. ही कळलावी. हिचा कंद म्हणजे जहर. फुले आली की हिला कोणीही ओळखेल, पण इतकी कोवळी ओळखणारा विरळा. आता बुवा पाहतील, असे त्याच्या मनात आले. तो बोलणार, एवढ्यात मागून हैबती चाचरत म्हणाला, "कळलावी असेल का हो, बुवा?"

म्हाळूच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. आता तेच नाव घेतले तर तो दुसरा ठरणार होता. हैबतीच्या तोंडून निघालेले खरे त्याला नकोसे झाले.

"कळलावी?" तो म्हणाला. "अरे, कळलावीच्या पानाला टोकाशी आकडा असतो. त्यानं ती शेजारचं झाड धरून वर चढते. इथं दाखव बरं आकडा. हा पेवा आहे. याचा कंद शिजवून खातात."

खालच्या पानांना आकडे नसतात, ते वर गेल्यावर येतात, हे त्याला चांगले माहीत होते.

हैबतीने मान डोलावली. "असेल. दादाला जास्त कळतं."

बुवांनी म्हाळूकडे पाहिले. "नक्की?"

"नक्की, बुवा."

बुवांनी हैबतीला झऱ्यावरून पाणी आणायला पाठवले आणि स्वतः खाली बसून कंद खणून काढला. तो नांगरासारखा दुबेळका निघाला. पेव्याचा कंद गाठीगाठींचा असतो. आता तर संशयालाही जागा नव्हती.

"पेवाच ना?" बुवांनी पुन्हा विचारले.

माघार घ्यायला ही जागा चांगली होती. हैबती जवळ नव्हता. पण तो झऱ्यावरून परत येणार आणि त्याला कळणार, की त्याचे खरे होते. म्हाळू म्हणाला, "हो."

बुवांनी कंद पानात गुंडाळला आणि झोळीत टाकला.

दुपारी बुवांनी स्वतः चूल पेटवली. कंद शिजवला, ठेचला, मीठ घातले. तिघे जेवायला बसले. बुवांनी आपल्या आणि म्हाळूच्या पानात भाकरी आणि वरण वाढले. ठेचलेला कंद फक्त हैबतीच्या पानात वाढला.

"रानातून आज नवं आलंय," ते म्हणाले. "पहिला घास धाकट्याचा. म्हाळूनं ओळखलेला पेवा आहे. खा."

म्हाळूने बुवांकडे पाहिले. बुवा शांतपणे भाकरी मोडत होते. यांना कंद ओळखता आला नाही? की हात कापतात तशी नजरही गेली? त्याला काही कळेना. एवढेच कळले, की आपण गप्प राहिलो तर संध्याकाळी हैबतीच्या पोटात आग पडेल, मग रक्त जाईल. आणि खल आपला होईल. चूक झाली, एवढे म्हटले की भागेल. चूक कोणाची होत नाही? आपल्या मनात हे इतके सरळ येते आहे, याची त्याला भीती वाटली. तरी तो गप्प होता.

हैबतीने घास उचलला. वास घेतला.

"दादा, पेवा कडसर लागतो का रे? म्हणजे तोंड आधीच तयार ठेवतो."

म्हाळूने पुढे झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. घास भिंतीवर जाऊन आदळला.

"टाक ते! हात धू!" तो ओरडला. "कळलावी आहे ती. कळलावी आहे. मला ठाऊक होतं."

बुवांनी हात लांब केला, हैबतीच्या पानातला ठेचा बोटांनी उचलला आणि तोंडात घातला. म्हाळू किंचाळला.

"ओरडू नकोस," बुवा म्हणाले. "हा पेवाच आहे. मागच्या दारचा. तुझी कळलावी मी खड्डा करून पुरली. माझ्या घरात मी कोणाला विष वाढत नसतो."

म्हाळूने भिंतीवर आदळलेल्या घासाकडे पाहिले. तो खाली बसला.

"अडलेल्या बाईला कळलावी कशी देतात?" बुवांनी विचारले.

"कंद उगाळून तळपायाला लेप," म्हाळू कसाबसा म्हणाला.

"मूल झालं की पहिलं काम?"

"लेप धुवायचा. लगेच."

"आणि राहिला तर?"

"बाई जाते."

"मत्सर तसाच आहे," बुवा म्हणाले. "तो आला, याचा दोष मी तुला देत नाही. तो सगळ्यांना येतो. त्याची कळ लागली म्हणून पुष्कळ माणसं कामालाही लागली आहेत. पण तो त्याच दिवशी धुवायचा असतो. तू अंगावर ठेवलास आणि वर जपलास. आज तुझ्या डोळ्यांना खरं दिसत होतं आणि तोंड खोटं बोलत होतं. असा वैद्य अडाण्यापेक्षा वाईट. अडाण्याला निदान माहीत नसतं. आणि तू हैबतीला वाचवलंस, असं मनात आणू नकोस. त्याच्या पानात काही नव्हतंच. घास उडवलास म्हणून तू वाचलास."

एवढे बोलून ते उरलेली भाकरी खाऊ लागले.

त्या वर्षी बुवांनी खल कोणालाच दिला नाही. म्हाळूने विचारलेही नाही.

मात्र त्याच दिवशी संध्याकाळी तो पडवीत गेला. हैबती वाळत घातलेला अडुळसा गोळा करत होता. म्हाळू त्याच्या शेजारी बसला आणि पाने उचलू लागला. मग त्याने विचारले, "सकाळी तू कळलावी म्हणालास. आकडा नव्हता, फूल नव्हतं. कशावरून ओळखलीस?"

"ओळखली कुठे?" हैबती म्हणाला. "मला काही कळलं नव्हतं. तू वाकलास, पानाला हात लावणार होतास, तो चटकन मागे घेतलास. दादा असा हात कळलावीलाच मागे घेतो, म्हणून बोललो. मग तूच पेवा म्हणालास, तेव्हा वाटलं, मी तुला चुकीचं पाहिलं."

म्हाळूच्या हातातली पाने हातातच राहिली.

इतके दिवस तो हैबतीवर डोळा ठेवून होता. हैबतीचाही डोळा त्याच्यावरच होता. एकाने पाहून जळायचे काम केले आणि दुसऱ्याने शिकायचे. म्हाळूने ते समोर असून पाहिले नव्हते.

ज्याच्यावर आपण जळतो, तो कदाचित आपल्याकडे पाहूनच चार गोष्टी शिकत असेल. निदान त्याला चुकीचे तरी दाखवू नये.