ऊर्मिकेने नाकारलेला वर

त्रेतायुगाच्या आरंभी, शीघ्रोदा नदीच्या तीरावर, वेतसवनांनी वेढलेल्या आश्रमात महर्षी ओघायन तरणविद्या, म्हणजे पोहण्याची कला, शिकवीत असत. त्यांची तपश्चर्या अग्नीसारखी प्रखर होती आणि जिव्हा त्याहून प्रखर. शर्यतीत जो प्रथम येई त्याला ते आपल्या आसनाशेजारी बसवीत. जो मागे राही त्याच्या कपाळी हरल्याची खूण म्हणून भस्म फासून त्याला पाठ देणे बंद करीत.

मंदार नावाचा कोवळा शिष्य असाच वारंवार भस्मांकित झाला. पुढे पुढे तर पाण्याच्या नुसत्या दर्शनाने तो झाडांआड लपू लागला. हे ऊर्मिका पाहत होती. ती निषादकन्या, आश्रमातील सर्वांत वेगवान शिष्या. पण तिला मंदारचे ते लपणे पाहवेना.

वरुणोत्सवाच्या दिवशी, राजे आणि ऋषिगण तीरावर जमले असता, ओघायनांनी तिला पुढे बोलावले.

"वत्से, माझ्या तपाने प्रसन्न झालेल्या वरुणाने मला एक वर दिला आहे. तो मी तुला देतो. यापुढे तुला कोणीही हरवू शकणार नाही."

"भगवन्, मी अभ्यास सोडला तरी?"

"तरीही!"

"मग त्या विजयात माझे काय उरले? मला हा वर नको. द्यायचेच असेल, तर मंदारला पुन्हा पाठ द्या."

ओघायनांचे नेत्र आरक्त झाले.

"पराभूतांचा एवढा कळवळा? तर घे हा शाप! तू आजन्म कोणतीही शर्यत जिंकणार नाहीस!"

ऊर्मिकेचा चेहरा क्षणभर उतरला. जिंकणे तिलाही प्रिय होते. पण तिने मान झुकवली नाही.

"शाप शिरोधार्य आहे, भगवन्. पोहू नकोस, असे मात्र आपण म्हणाला नाहीत. शिकवू नकोस, असेही नाही!"

एवढे बोलून तिने मंदारचा हात धरला आणि सर्वांदेखत त्याला कमरेएवढ्या पाण्यात नेले. "माझ्या हातावर आडवा हो. श्वास सोड. बुडालास तर मी आहे."

तेव्हा मेघगंभीर ध्वनी करीत, मकरारूढ वरुण प्रवाहातून प्रकटला.

"कन्ये, ऋषीचा शाप मलाही पुसता येत नाही. दुसरे काही माग."

"देवा, जो शिकण्यासाठी या पाण्यात उतरेल, त्याची भीती तू घे."

"तथास्तु!"

ऊर्मिका पलीकडच्या तीरावर शिकवू लागली आणि एकेक करून सारे शिष्य तिकडे गेले. आसनाशेजारची जागा रिकामी राहिली आणि ज्या आश्रमात बोलायलाही कोणी उरले नव्हते, तिथे ओघायन तप करीत राहिले. ऊर्मिका मात्र प्रत्येक शर्यतीत उतरली आणि प्रत्येक शर्यत हरली. वृद्धपणी तर एका चिमुरड्या मुलीनेही तिला मागे टाकले. तीरावरचे लोक हसले. ऊर्मिका धापा टाकीत त्या मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "वळताना पाय कसा मारलास ग? मला दाखव."

तेव्हापासून शीघ्रोदेच्या त्या घाटाला ऊर्मिकातीर्थ म्हणतात. पाण्यातून बाहेर येणाऱ्याला तिथे कोणी विचारीत नाही, तू कितवा आलास. विचारतात, आज नवे काय जमले?